टर्कीचे गोळे फुटतात, कोरडे पडतात, ग्लेझ घसरतो : तपासायला कुठून सुरुवात करायची

मी नाताळच्या ऑर्डरी घेते, आणि ओळखीच्या घरात कुणाचा बेत बिघडला तर बघायलाही जाते. टर्कीच्या खिम्याचे गोळे आणि त्यावर डाळिंबाचा ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा चकचकीत घट्ट पाक, हा पदार्थ हल्ली सोलापुरातल्या हौशी घरांत होऊ लागलाय. त्यातला बिघाड दरवर्षी तोच असतो. त्यावर घरोघरी होणारा उपायही तोच असतो: अजून एक अंडं फोडा, अजून थोडा ब्रेडचा चुरा घाला. त्याने गोळे फुटायचे थांबत नाहीत, फक्त पिठूळ लागायला लागतात. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. बांधायला काही वाढवण्याआधी दोन गोष्टी बघा, खिमा किती गरम झालाय आणि त्यात पाणी किती आहे. ग्लेझचंही तेच, तिथेही बहुतेक वेळा पाणीच नडतं.

आधी तुमचं नक्की काय होतंय ते ओळखा.

- गोळे वळताना हाताला चिकटतात, ट्रेमध्ये ठेवले की बसके होतात, शिजताना तडकतात किंवा सुटतात.
- बाहेरून छान रंग येतो, पण आत भुसभुशीत आणि कोरडे. खाल्ल्यावर पाणी प्यावंसं वाटतं.
- उलट प्रकार: गोळा घट्ट, चिवट, दाताला उसळी मारणारा.
- आत लगदा. चावायला काही उरतच नाही.
- गोळ्यांभोवती पांढरा, फेसासारखा थर साचतो.
- ग्लेझ गोळ्यावर थांबत नाही. गोळे फिके दिसतात आणि ताटात खाली लाल डबकं.
- ग्लेझ करपतो, कडवट किंवा तुरट लागतो, काळपट पडतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्रच येतात, कारण त्यांचं मूळ बहुतेक वेळा एक असतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर काय लागू पडलं ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी परत तोच घोळ.

कशाशी ताडून बघायचं

माझं प्रमाण असं. अर्धा किलो खिमा, साधारण ७ ग्रॅम मीठ (सपाट सव्वा छोटा चमचा), कडा काढलेले ब्रेडचे दोन स्लाइस चार मोठे चमचे दुधात भिजवून, एक अंडं, एक मध्यम कांदा बारीक चिरून परतून पूर्ण गार केलेला, एक चमचा आलं-लसूण, मिरपूड. यात ३० ते ३५ ग्रॅमचे वीस-बावीस गोळे होतात. तुमचं प्रमाण थोडं इकडेतिकडे असलं तरी बिघडत नाही, पण खूपच वेगळं असेल तर आधी ते जुळवून घ्या.

टर्की आपल्याकडे कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरमध्ये टांगलेली नसते. आधी सांगून मागवावी लागते आणि येते ती बहुतेक गोठवलेली. हा मुळात अमेरिकेतल्या सणाचा पक्षी. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचं थँक्सगिव्हिंग असतं, त्यात टर्की आणि क्रॅनबेरीचा सॉस ही ठरलेली जोडी, आणि तीच पुढे नाताळच्या टेबलावरही येते. टर्की मिळाली नाही तर चिकनच्या तंगडीचा खिमा घ्या. खाली लिहिलेलं सगळं त्याला तसंच लागू आहे.

पहिली तपासणी, फुकटातली: खिम्याला हात लावा

वळायला घेताना खिमा बोटांना गार लागला पाहिजे, अगदी बोटं आखडतील इतका. नुसता 'गरम नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. सोलापुरात डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो, आणि नाताळच्या दिवशी स्वयंपाकघरात चारही बर्नर चालू असतात. खिमा ओट्यावर अर्धा तास राहिला की त्यातली चरबी मऊ होते आणि हाताला तेलकट लागायला लागते. मऊ झालेली चरबी मांसाच्या कणांवर पसरते, मग ते कण एकमेकांना धरत नाहीत. गोळा वळताना बरा वाटतो आणि ट्रेमध्ये बसतो.

उपाय साधा आहे. भांडं खिम्यासकट वीस मिनिटं फ्रीजमध्ये. वळून झालेले गोळेसुद्धा परत अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि तिथून थेट गरम ओव्हनमध्ये किंवा तव्यावर जाऊ द्या. फुटणाऱ्या गोळ्यांच्या तक्रारी निम्म्याअधिक इथेच मिटतात.

गोठवलेली टर्की असेल तर ती सुटी कशी केली, म्हणजे तिच्यातला बर्फ कसा वितळवला, तेही आठवा. अर्ध्या किलोचं पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर, कधी दिवसभरही लागतं. घाई असेल तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं आणि सुटलं की लगेच शिजवायचं. ओट्यावर ठेवून सुटं केलेलं मांस वरून कोमट होतं आणि आत बर्फच असतो. ते गोळ्यांसाठीही वाईट आणि पोटासाठीही.

दुसरी तपासणी: पाणी कुठून येतंय

मागच्या डिसेंबरातला फोन.

"मावशी, परत फुटले की ओ गोळे."

"खिमा धुतलास का?"

"धुतला की! न धुता कसं घालायचं?"

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, आणि तो दोष आहे असं कुणाला वाटत नाही. मांस घरी आलं की धुवायचं ही आपल्या हाडात भिनलेली सवय. अखंड तुकड्याला ते चालून जातं. खिम्याचा मात्र प्रत्येक कण उघडा असतो. चाळणीत घेऊन नळाखाली धरलात तर तो पाणी पितो आणि मांसाला मांस चिकटवणारा जो चिकट रस असतो तो नळाबरोबर वाहून जातो. कितीही पिळा, ते पाणी निघत नाही. निघतं ते ओव्हनमध्ये, वाफ होऊन, गोळा फोडून. शिवाय कच्च्या कोंबडी-टर्कीवरचे जंतू धुण्याने जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर, ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या कोशिंबिरीवर उडतात. ते मरतात शिजवण्याने.

मन मानत नसेल तर एक मधला रस्ता आहे. आधी मांसाचे तुकडे धुवा, स्वच्छ फडक्याने कोरडे टिपा, सिंक साबणाने घासून घ्या आणि मग खिमा करा. चिकनवाल्याकडून खिमा करून आणणार असाल तर मशीन तुमच्यासमोर धुवून घ्यायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आधीच्या गिऱ्हाइकाच्या मटणाचे कण तुमच्या टर्कीत यायला नकोत.

पाण्याच्या बाकी वाटा छोट्या आहेत, पण त्या बेरजेत भरतात. कच्चा किसलेला कांदा मीठ लागलं की पाणी सोडतो, म्हणून तो परतून गार करून घाला. परतायला वेळ नसेल तर किसून, मीठ लावून, दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळून घ्या. कोथिंबीर धुतल्या धुतल्या चिरू नका, कोरडी होऊ द्या. गोठवलेल्या खिम्याच्या पाकिटात साचलेलं गुलाबी पाणी ओतून टाका, 'त्यात चव असते' म्हणून खिम्यात मिसळू नका.

तिसरी: मीठ कधी घातलं

बहुतेक जण सगळं एकदम घालून कालवतात. मीठ आधी, एकटं, गार खिम्यात घाला आणि एक-दोन मिनिटं हाताने मळा. मिठामुळे मांसातली काही प्रथिनं सुटी होऊन बाहेर येतात आणि तीच खरी बांधणी करतात. अंडं आणि ब्रेड त्यांचे मदतनीस. मळताना बघा: सुरुवातीला खिमा कोरडा आणि सुटा सुटा असतो, बोटांतून गळतो. थोड्या वेळाने तो भांड्याच्या कडेला ओढ घेऊन चिकटतो, बोटं वर केली की त्याचे बारीक धागे येतात, आणि वरची चमक जाऊन तो किंचित धुरकट दिसतो. त्यातला लिंबाएवढा भाग तळहातावर थापा आणि हात उलटा करा. पडला नाही तर झालं. थांबा.

थांबा हे महत्त्वाचं आहे, कारण चिवट गोळ्यांचा उगम इथेच आहे. त्यापुढेही मळत राहिलात तर सॉसेजसारखा घट्ट, उसळी मारणारा गोळा होतो. भिजवलेला ब्रेड, अंडं, कांदा नंतर घालून फक्त एकजीव होईपर्यंत हलक्या हाताने फिरवा. मिक्सरमध्ये तर फिरवूच नका, पात्याच्या उष्णतेने पहिली तपासणी वाया जाते.

गोळ्यांभोवती येणारा पांढरा थर म्हणजे मांसरसातलं प्रथिन, आकसणाऱ्या मांसातून बाहेर येऊन थिजलेलं. घातक नाही. पण मीठ नीट मुरलं नाही किंवा आच फार कडक असली की तो वाढतो, आणि त्यावर ग्लेझ चिकटत नाही. दिसला तर टिपून काढा.

चौथी: एक गोळी तळून बघा

सगळा घाणा वळण्याआधी सुपारीएवढी गोळी चमचाभर तेलावर दोन्हीकडून शिजवून खा. दोन-तीन मिनिटांचं काम. मीठ कळतं, बांधणी कळते, कोरडेपणा कळतो, आणि अजून सगळं तुमच्या हातात असतं. ही गोळी टिकली आणि मोठे गोळे फुटले, तर दोष मिश्रणात नाही, शिजवण्यात आहे. सरळ सहाव्या तपासणीवर जा.

पाचवी: बांधायला काय घातलंय

आता कुठे ब्रेडकडे बघायचं. कोरडा चुरा थेट खिम्यात घातला असेल तर तो मांसातलं पाणी ओढून घेतो आणि गोळे कोरडे होतात. आधी दुधात भिजवून, चमच्याने मोडून लापशीसारखा करा. मग तोच ओलावा धरून ठेवतो आणि मांसाचे कण एकमेकांत फार घट्ट विणले जाऊ देत नाही.

ब्रेड नको असेल तर आपल्याकडे दोन चांगल्या गोष्टी आहेत. पंढरपुरी डाळं मिक्सरमधून बारीक करून अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे, दुधात कालवून. खिम्याच्या गोळ्यांत डाळं घालायची पद्धत आपल्या घरांत जुनीच आहे, आणि भाजलेलं असल्याने कच्चं लागत नाही. दुसरी म्हणजे कडक भाकरी. तिचा चुरा दुधात ब्रेडपेक्षा बराच जास्त वेळ भिजवावा लागतो, वीस मिनिटं तरी, नाहीतर दाताखाली खर लागते. पण ज्वारीची जी खमंग चव येते ती डाळिंबाबरोबर सुरेख जाते. मला स्वतःला हेच जास्त आवडतं. दाण्याचं कूट मात्र घालू नका. सोलापूरकराचा हात शेंगांकडे जातोच, पण कूट तेल सोडतं आणि गोळा सुटतो. शिवाय पाहुण्यांपैकी कुणाला शेंगदाणे चालत नसतील तर गोळ्यात ते दिसतही नाहीत.

आत लगदा होत असेल तर दोन गोष्टी विचारा. कच्ची पपई लावली का? कच्चं आलं घालून रात्रभर मुरवलं का? दोन्हींत मांसातली प्रथिनं तोडणारे घटक असतात. मटणाच्या जाड तुकड्याला ते उपयोगी, टर्कीच्या खिम्याला नाही. आलं परतून घाला किंवा वळायच्या वेळीच घाला. मऊपणासाठी खायचा सोडाही नको.

सहावी: कोरडे का पडतात

इथे थोडे पैसे लागतात.

टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी फारच कमी असते. पांढरंशुभ्र, 'हलकं' म्हणून तेच मागवलं जातं आणि मग गोळे घशात अडकतात. मांडीचा खिमा मागा, किंवा दोन्ही निम्मे-निम्मे. फक्त छातीचाच मिळाला तर अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे थंडगार लोणी किसून घाला. किसलेलं लोणी गोळ्यात तसंच राहतं आणि शिजताना विरघळतं.

दुसरं कारण म्हणजे जास्त शिजवणं. पक्ष्याच्या खिम्याचा मधला भाग ७४ अंश सेल्सिअसला पोचला की तो खायला सुरक्षित. बरेच जण 'टर्की आहे, कच्ची राहायला नको' म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवतात, आणि त्या दहा मिनिटांत सगळा रस ट्रेमध्ये येतो. सुई असलेला डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. गोळ्याच्या बाजूने मध्यापर्यंत सुई घाला, ट्रेमधला सगळ्यात मोठा गोळा निवडा, ७४ दिसलं की बाहेर काढा. रंगावर भरवसा ठेवू नका. पूर्ण शिजलेली टर्की कधी आत गुलाबी दिसते, आणि पांढरी दिसणारी कच्ची असू शकते. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस जेवणार असेल तर थर्मामीटरशिवाय हा पदार्थ करूच नका असं मी स्पष्ट सांगते.

ओव्हन नसेल तर अडत नाही. इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात बारा ते पंधरा मिनिटं वाफवा, तापमान बघा, फडक्याने टिपून कोरडे करा आणि मग तव्यावर थोड्या तेलात रंग आणा. वाफवलेले गोळे कोरडे पडायची भीती कमी. फक्त ते टिपायला विसरलात तर पुढची तपासणी तुमची वाट बघत असेल.

सातवी: ग्लेझ

परदेशी कृतीत क्रॅनबेरी असते आणि आपण तिच्या जागी डाळिंब घालतो, बाकी सगळं तसंच ठेवतो. गाडी तिथेच घसरते. क्रॅनबेरीत पेक्टिन, म्हणजे फळाचा रस घट्ट करणारा घटक, भरपूर असतं, त्यामुळे ती साखरेबरोबर उकळली की आपोआप घट्ट होते. डाळिंबाच्या रसात पेक्टिन नगण्य. तो कितीही सुंदर दिसला तरी दहा मिनिटांच्या उकळीने घट्ट होणार नाही. म्हणून क्रॅनबेरी सोडून द्या असं नाही, डाळिंबाची रीत वेगळी हे ध्यानात घ्या. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, सांगोल्याचा माल मार्केट यार्डात येतो. एवढं हाताशी असताना सुकवलेल्या क्रॅनबेरीची महागडी पाकिटं कशाला?

अर्धा लिटर रस, ६० ग्रॅम साखर. साखर पूर्ण विरघळू द्या, मगच उकळी आणा, नाहीतर ग्लेझ नंतर रवाळ होतो. रुंद तोंडाच्या स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर साधारण १५० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा. बुडबुडे सुरुवातीला लहान आणि चपळ असतात. शेवटी ते मोठे, संथ, एकमेकांवर चढणारे होतात आणि उकळीचा आवाज जड होतो. तिथून पुढे पातेल्याजवळून हलू नका. फ्रीजमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर अर्धा चमचा टाका, अर्धा मिनिट थांबा आणि बोटाने मधून रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर झाला. गरम असताना तो पातळच दिसतो. पातेल्यात घट्ट दिसेपर्यंत आटवलात तर गार झाल्यावर गोळी होईल. एकतारीच्या जरा अलीकडे थांबायचं.

भगव्या जातीचं डाळिंब रंगाला देखणं, दाणा मऊ, पण चवीला गोड आणि आंबटपणा कमी. नुसत्या त्याच्या ग्लेझने गोळे मिठाईसारखे लागतात. उतरवल्यावर एक-दोन चमचे लिंबाचा रस घाला. मिरचीपूड चिमूटभर, मीठ चिमूटभर. गूळ घातला तर चव छान येते, पण गुळाचा तपकिरी रंग लाल रंगाला झाकून टाकतो, सणाला तांबूस चकाकी हवी असेल तर साखरच घ्या.

तुरटपणा आला असेल तर रस कसा काढला ते बघा. मिक्सर सलग फिरवला की बिया भरडल्या जातात आणि तुरटपणा रसात उतरतो. दोन-तीनदा झटका देऊन थांबायचं, मग गाळणीवर चमच्याने हलकं दाबायचं, रगडायचं नाही. दाण्यांना चिकटलेली पांढरी-पिवळी सालही काढून टाका. ग्लेझ काळपट झाला असेल तर बहुधा लोखंडी कढईत आटवला असेल. डाळिंबातलं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट घटक, लोखंडाशी मिळून काळं पडतं. बिनकल्हईचं पितळ आणि साधं ॲल्युमिनियमही आंबट रसाला नको.

घाईत कॉर्नफ्लॉर वापरायचं असेल तर वापरा, त्यात कमीपणा नाही. पण ते शेवटी, एक चमचा कॉर्नफ्लॉर दोन चमचे गार पाण्यात कालवून, आणि एक मिनिट उकळून. सुरुवातीलाच घालून आंबट रसात बराच वेळ उकळलं तर त्याची घट्ट करायची ताकद मोडते आणि ग्लेझ परत पातळ होतो. याहून चांगला उपाय म्हणजे पेरू. डिसेंबरात पेरू मुबलक, आणि त्यात पेक्टिन भरपूर. जरा कच्चट पेरूच्या चार-पाच फोडी रसात पहिल्यापासून उकळू द्या आणि शेवटी गाळून काढा. ग्लेझला अंग येतं, वासही गोड येतो.

आता घसरण्याचा प्रश्न. ग्लेझ बरोबर झाला असूनही घसरत असेल तर गोळा ओला आहे. शिजून बाहेर आलेला गोळा चार-पाच मिनिटं रस सोडतो. तेवढा वेळ त्याला जाळीवर राहू द्या, टिपा, आणि मग ब्रशने पातळ हात द्या. जाड थर एकदम ओतू नका. ओव्हनमध्ये २०० अंशांवर १२ ते १४ मिनिटांनी पहिला हात, परत आत चार-पाच मिनिटं, बाहेर काढून दुसरा हात. गोळा दोनदा बाहेर येतो, दोन्ही वेळा टिपायचा. सुरुवातीपासून ग्लेझ लावून भाजलात तर करपणारच. डाळिंबातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेच्या बरंच आधी करपायला लागतं.

शेवटची, न दिसणारी चूक म्हणजे झाकण. सगळं मस्त झालं, गरम गोळे डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं, आणि जुळे सोलापुरातून लष्कर भागात पाहुण्यांकडे पोचेपर्यंत झाकणावरची वाफ पाणी होऊन ग्लेझवर ठिबकली. गोळे वेगळे न्या, ग्लेझ बाटलीत वेगळा, आणि तिथे गरम करून लावा.

आठवी: ओव्हन

इथपर्यंत सगळं बरोबर असून गोळे एका बाजूने करपतात आणि दुसऱ्या बाजूने फिके राहतात, तर ओटीजीकडे, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनकडे, वळा. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, बटण २०० वर ठेवून पंधरा मिनिटांनी आकडा बघा. दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर बटण तेवढं मागेपुढे करून काम चालवा. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर तेही लक्षात घ्या. २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर कॉइलची उष्णता जवळपास पाव हिश्शाने कमी होते. अशा वेळी वेळ वाढवा, तापमानाचं बटण नव्हे, आणि गोळ्यातल्या थर्मामीटरवरच विश्वास ठेवा. ट्रे गच्च भरू नका, दोन गोळ्यांत बोटभर जागा सोडा, नाहीतर ते भाजण्याऐवजी एकमेकांच्या वाफेवर शिजतात.

इथे थांबा

खिम्याला आंबूस किंवा कुजकट वास येत असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल, किंवा तो दोन तासांहून जास्त फ्रीजबाहेर राहिला असेल, तर दुरुस्ती नाही, टाकून द्या. पारा ३२ च्या वर असेल तर मर्यादा एका तासाची. मसाला वाढवून तो खपवायचा विचारही करू नका. शिजलेल्या गोळ्यांनाही हीच वेळ लागू. खाल्ल्यावर कुणाला उलट्या-जुलाब आणि ताप सुरू झाला, जुलाबात रक्त दिसलं किंवा लहान मुलाने पाणी घेणं सोडलं, तर घरगुती काढे बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या.

शंभराच्या वर पाने असतील तर घरच्या ओट्यावर हे काम घेऊ नका. एवढा खिमा गार ठेवायला घरचा फ्रीज पुरत नाही आणि पहिली तपासणीच कोसळते. मोठा फ्रीज असलेल्या केटररला सांगा, ग्लेझ हवा तर तुम्ही करून द्या.

ओटीजीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, एमसीबी वारंवार पडत असेल किंवा एकच कॉइल लाल होत असेल, तर प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका. गॅसची ज्योत निळी न राहता पिवळी होऊन भांड्याला काजळी धरत असेल तर बर्नरची छिद्रं एकदा साफ करून बघा, तरी पिवळीच राहिली तर एजन्सीचा माणूस बोलवा. आणि गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका, घराबाहेर या आणि बाहेरून १९०६ ला फोन लावा.